आधी खड्डा, मग ताडपत्री

माझा धंदा मांडवाचा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत गोदाम आहे, वासे, काथ्या, ताडपत्र्यांनी भरलेलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली, तेव्हा आमच्याकडं गणपतीची मिरवणूक महाद्वार रोडवर रेंगाळत होती. सामान ट्रकात टाकून गेलो आणि आधी मांडवच ठोकत सुटलो. संडासाचं डोक्यातच आलं नाही. बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, अंधार पडायची वाट बघायच्या. म्हणून तालमीतल्या पोरांना मी आता उलट्या क्रमानं शिकवतो.

उतरल्या उतरल्या कुदळ हातात घ्यायची. विहिरीपासून निदान ३० मीटर लांब, पण राहुटीपासून ५० मीटरच्या आत. खड्ड्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर तरी वर राहिला पाहिजे. २० माणसांमागं एक संडास, आणि पुरुषांना एक तर बायकांना तीन. पहिल्या दिवसांत एवढं जमत नाही, तेव्हा ५० माणसांमागं एक तरी कराच. तिकडची काळी माती ओली झाली की खड्ड्याचं तोंड ढासळतं. बूड कापलेलं पिंप आत बसवा. आडोसा तट्ट्याचा, कडी आतून. खड्डा दीड फूट उरला की मातीनं बुजवायचा, लोभ करायचा नाही.

मग निवारा. माणशी साडेतीन चौरस मीटर धरा. पाच माणसांना साधारण १२ बाय १६ फूट. अर्धवट उभ्या भिंतीच्या सावलीत मांडव घालायचा मोह होतो, पण मागून धक्के येतच राहतात. किल्लारीत माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या धाब्याच्या ओझ्याखालीच गेली. भिंतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब राहा. भिजल्या काळ्या मातीत खुंटी लोण्यातल्या सुरीसारखी निघते. गोणीत ढिगाऱ्यातले दगड भरून तणावे त्यांना बांधा, आणि भोवती वीतभर चर खणा.

पाणी माणशी १५ लिटर. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, मग हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, अर्धा तास थांबून वाटप.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांना विचारायचं, रात्री संडासला कोण गेलं होतं का? हे विचारायला पोरांना पाठवू नका. मी गेलो तेव्हा सगळ्या 'हो हो' म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला बायको बरोबर होती, तिला कळलं की वाटेवर दिवाच नव्हता.