होकायंत्राचा सराव कोल्हापुरातच: पाण्याखाली दिशा राखायला शिकण्यापूर्वीची तयारी

स्कूबा डायव्हिंगचे ओपन वॉटर हे प्राथमिक प्रमाणपत्र मिळवून पुढच्या अभ्यासक्रमासाठी मालवण-तारकर्लीला निघणाऱ्या कोल्हापूरकराने होकायंत्राची ओळख येथेच, जमिनीवर करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर अभ्यासक्रमात दिशाशोधनाची डाईव्ह बंधनकारक असते, आणि पाण्यातले प्रत्येक मिनिट टाकीतली हवा खर्चून मिळत असल्याने ते होकायंत्राच्या कड्यावरचे अंक वाचायला शिकण्यात जाऊ नये.

पावसाळ्यात मालवणचे डायव्हिंग बंद असते. तेव्हा उघडीप पाहून एखाद्या मोकळ्या मैदानावर जावे. होकायंत्र छातीसमोर अगदी सपाट धरावे, कारण ते तिरके झाले की आतली तबकडी अडकते. त्यावरची दिशारेषा शरीराच्या मध्यरेषेत ठेवावी आणि फिरत्या कड्याच्या दोन खुणांमध्ये सुई आणावी. डोक्यावरून टॉवेल घेऊन, म्हणजे होकायंत्राखेरीज काही दिसणार नाही अशा बेताने, आणि सोबत्याला वाटेवर लक्ष ठेवायला सांगून, ठरावीक पावले चालावे व १८० अंशांत वळून परत यावे. ७० अंशांनी गेलेल्याची परतीची दिशा २५० असते, हा हिशेब तोंडपाठ हवा. ते जमल्यावर दर वळणाला ९० अंश मिळवून चौकोन पुरा करावा. मोबाईल, दुचाकी आणि लोखंडी जाळी दूर ठेवावी. पाण्यात हीच काळजी चाकू, टॉर्च आणि जोडीदाराच्या होकायंत्राबाबत घ्यावी लागते.

अंतर मोजण्यासाठी जलतरण तलावात, परवानगी असल्यास फिन्स (पायात घालायची वल्ही) घालून, तलावाची एक लांबी किती किकमध्ये संपते ते मोजावे. दोन्ही पाय एकदा हलले की एक किक धरतात. घाईचा वेग मोजून उपयोग नाही, डाईव्हमध्ये टिकणाराच वेग मोजावा.

बोटीवरून उतरण्याआधी सिंधुदुर्ग किल्ल्याची आणि किनाऱ्याची दिशा पाण्यात लिहिता येणाऱ्या पाटीवर टिपावी. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने पोहोचतो, त्यामुळे बोटीच्या इंजिनावरून ती कोणत्या बाजूला आहे हे कळत नाही. वाळूवरच्या लाटांच्या रेघा मात्र बहुधा किनाऱ्याला समांतर असतात, आणि तळाचा उतार व उन्हाची बाजूही आधार देतात. प्रवाह असल्यास आधी त्याच्याविरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतीची वाट सोपी पडते. टाकीत किती बार (दाबाचे एकक) हवा उरल्यावर वळायचे आणि होकायंत्र कोण धरणार, हे जोडीदाराशी आधीच ठरवावे. जोडीदार दिसेनासा झाल्यास मिनिटभर शोधून सावकाश वर यावे.

परतीचा दिवसही याच तयारीत धरावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि वाटेवरचे घाटमाथे काही ठिकाणी त्याहून उंच आहेत, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने डाईव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो, म्हणून शेवटच्या डाईव्हनंतर लगेच फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट चढू नये. मुक्काम मालवणातच करावा आणि किती तास थांबायचे ते इन्स्ट्रक्टरला विचारूनच गाडीचे आरक्षण करावे.