निर्मात्याला थेट मदत पाठवताना

यूट्यूबवर एखाद्या चॅनेलला 'सुपर थँक्स' (व्हिडिओखालच्या बटणावरून पाठवायची मदत) दिले, की कर वजा जाता उरलेल्या रकमेतले 70 टक्केच निर्मात्याच्या हाती पडतात; म्हणून त्याने स्वतःचा यूपीआय क्यूआर कोड दिला असेल, तर अगदी 50 रुपयेसुद्धा थेट तिकडेच पाठवावेत. मात्र तो कोड चॅनेलच्या माहितीतूनच घ्यावा, कुणी प्रतिक्रियांत चिकटवलेला नव्हे, आणि पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे खातेदाराचे नाव नीट वाचावे. ते भलतेच वाटले, तर आधी निर्मात्याला विचारून घेतलेले बरे. दरमहा मदत ऑटोपेवर लावली असेल, तर पैसे कापले जाण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. ती न वाचताच बाजूला सारू नये (सारतो आपण सगळेच), कारण मदत थांबवायची झाल्यास तेवढ्या अवधीत ॲपमधून ऑटोपे रद्द करता येते.