अनोळखी माणसाला कार्ड पाठवायचंय?

आधीच सांगते, ही पत्रमैत्री नव्हे. पोस्टक्रॉसिंग या जगभरच्या अनोळखी लोकांशी पोस्टकार्डं देवघेव करायच्या वेबसाइटवर तुम्ही फिनलंडच्या आजींना कार्ड पाठवता आणि तुमच्या दारात येतं ते तैवानच्या कुठल्यातरी कॉलेजकुमाराचं. पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज तरुणाने 2005 साली हे सुरू केलं. सभासद होणं फुकट, खर्च फक्त कार्डाचा आणि तिकिटांचा.

खातं उघडून पत्ता मागा. सोबत एक आयडी मिळेल. भारतातून जाणाऱ्या कार्डांचा 'आयएन'ने सुरू होतो. तो कार्डावर लिहायचा राहिला तर मुसळ केरात! समोरच्याने तो नोंदवला की मगच तुमचा पत्ता पुढच्या कुणाला तरी मिळतो. मी दोन ठिकाणी लिहिते, तेही तिकिटांपासून लांब, कारण शिक्का नेमका आकड्यावरच बसतो. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं वाटेवर ठेवता येतात. पुरेत.

पोस्टातलं 50 पैशांचं कार्ड देशातल्या देशात चालतं, परदेशी नाही. कोल्हापुरात चित्रकार्डं शोधत हिंडण्यापेक्षा मी घरीच करते. रंकाळ्याचा नाहीतर भवानी मंडपाचा फोटो स्टुडिओतून 4 बाय 6 इंचात काढून घ्यायचा आणि जाड पांढऱ्या कार्डशीटवर चिकटवायचा. नुसत्या फोटोच्या गुळगुळीत पाठीवर शाई धरत नाही. डिंक पातळ लावा, रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा, नाहीतर कडा उचलतात. लिहायला साधं बॉलपेन. जेलपेन पावसाळ्यात पसरतं.

उजवीकडे पत्ता, शेवटच्या ओळीत देशाचं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत. खालची पट्टी कोरी सोडा; बऱ्याच देशांत तिथे मशीन बारकोड छापतं.

मजकुराचं म्हणाल तर 'हॅलो, मी इंडियातून' एवढंच लिहून कार्ड वाया घालवू नका. आधी समोरच्याची प्रोफाइल वाचा. एकीने लिहिलं होतं, 'आज काय शिजवलंत ते सांगा.' तिला मी तांबड्या रश्शाची अख्खी कृती बारीक अक्षरांत पाठवली, मिरच्या निम्म्या करून. शेवटी एक ओळ मराठीत लिहिते, लोकांना देवनागरी बघायला आवडते. फोन नंबर मात्र नको. उघडं कार्ड वाटेत कुणीही वाचतं.

हवाई टपालाचा दर काउंटरवर विचारून घ्या. छोट्या किमतीची तिकिटं जागा खातात, त्यामुळे लिहिण्याआधी ती मांडून बघा. फिलाटेली म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीचा काउंटर असेल तर तिथली मोठी, चित्रांची तिकिटं घ्या आणि शिक्का समोरच मारून मागा.

60 दिवसांत कार्ड पोचलं नाही तर त्याची जागा मोकळी होते. नवा पत्ता मागायचा. उशिरा पोचलेलंही वर्षभरात नोंदवता येतं. तुमच्याकडे आलेलं मात्र त्याच दिवशी नोंदवा, आणि नुसतं 'थँक्स' नको, चित्रातलं काय आवडलं तेही लिहा.