नागपुरात नवीन आलात आणि लेकरू पाळणाघरात ठेवायचंय? आधी कूलर बघा

सातारा, सांगली, पुणे, कोकण, कुठूनही बदली होऊन किंवा मिहानात (विमानतळाजवळचा कंपन्यांचा पट्टा) नोकरी लागून नागपुरात आलेल्यांचं पहिल्या महिन्यातलं टेन्शन ठरलेलं असतं, घर मिळालं, गॅस लागला, आता पोराला दिवसभर ठेवायचं कुठं. आजी-आजोबा गावाकडे, शेजारी अजून ओळखीचे नाहीत, आणि मोठ्या डेकेअरची फी ऐकली की बहुतेक जण घरगुती पाळणाघराकडेच वळतात, म्हणजे प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, बेसा अशा भागात एखादी काकू स्वतःच्या घरात पाच-सात मुलं सांभाळते ते. मी पण साताऱ्याहून आलेली, माझी दोन्ही मुलं अशाच घरात वाढली, आणि मला विचाराल तर हा पर्याय चांगलाच आहे. फक्त बघायला जाताना आपण भलतंच बघत बसतो. भिंतीवरची कार्टून, सीसीटीव्ही, अ‍ॅक्टिव्हिटीचा तक्ता. आणि जातो कधी, तर सकाळी अकराला, तेव्हा सगळ्यांचंच घर छान दिसतं. दुपारी दीड-दोनला जा, जेवणं उरकून मुलं झोपवायची वेळ असते, खरी परिस्थिती तेव्हा कळते.

पहिली गोष्ट कूलर. आपल्याकडे पंख्यावर भागतं, इथं मार्चपासून जूनपर्यंत कूलरशिवाय घर चालत नाही, आणि बहुतेक घरांत तो लोखंडी पत्र्याचा, खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला, आत पाण्याची टाकी आणि पंप. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र, त्यात अर्थिंग गेलेलं असेल तर हात लावताच शॉक. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं गेल्याच्या बातम्या येतात इथं. म्हणून काकूला सरळ विचारा, प्लग तीन पिनचा आहे का, सीझन सुरू व्हायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासलं का, मीटरपाशी शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय का (साधा एमसीबी तारा वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवायचं त्याचं काम नाही). विचारायला लाजू नका. आमची काकू टाकीत पाणी भरायची ते मी कितीदा तरी बघितलंय, आधी बटण बंद, मग प्लग बाहेर काढून वायर खिडकीच्या गजाला अडकवायची, पायात रबरी चप्पल, मुलं आतल्या खोलीत आणि दाराला कडी, आणि मग पाइप सोडायची, आणि सांडलेलं पाणी पुसल्याशिवाय कडी काढायची नाही. मुलं कितीही ओरडू देत.

खोलीत ठेवायचे बुटके प्लॅस्टिकचे कूलर असतील तर मात्र जास्त लक्ष द्या, त्याची जाळी बरोबर रांगणाऱ्या पोराच्या बोटाच्या उंचीवर येते.

कूलरचा दुसरा त्रास डासांचा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून वाळवायची. नुसतं पाणी सोडून चालत नाही, अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, ब्रशने घासावंच लागतं. आणि हा डास चावतो दिवसा, म्हणजे आपलं पोरगं पाळणाघरात असतं नेमकं त्याच वेळात. गंमत अशी की लोक मे महिन्यात टाकी साफ करतात आणि पाऊस पडला की कूलर गच्चीवर नाहीतर बाल्कनीत तसाच टाकून देतात, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गल्लीत ताप सुरू. जुलैत एकदा काकूच्या गच्चीवर चक्कर मारून या, कूलर उलटा करून ठेवलाय का बघा. दुपारच्या झोपेला मच्छरदाणी असावी, आणि मुलांना पातळ सुती फुल बाह्यांचे कपडे द्या.

उन्हाचं काय सांगू, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) म्हणजे काय ते पहिल्या मे महिन्यातच कळेल. पारा ४५ च्या पुढे जातो आणि संध्याकाळी सहाला पण हवा भट्टीसारखी लागते. दुपारी बारा ते चारमध्ये पोराला आणायचं-सोडायचं ठेवू नका, हाफ डे असला तरी पाचपर्यंत तिथंच राहू द्या. काकूला लक्षात ठेवायला सांगायचं ते एवढंच, की मुलाने सहा तासांत शू केली नाही, तोंड कोरडं पडलंय, रडताना डोळ्यात पाणी नाही, सुस्त पडून राहतंय, तर फोन करायचा, संध्याकाळची वाट बघायची नाही. ऊन लागून अंग तापलं असेल तर पॅरासिटामॉलचा काही उपयोग नसतो, थंड जागी नेऊन कपडे काढून अंग ओलं करायचं, पंखा लावायचा आणि दवाखाना गाठायचा. झटका आला किंवा शुद्ध हरपतेय असं वाटलं तर १०८.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर उन्हाळ्यात हमखास वाद होणार. "घसा सुकते नं बाई लेकराचा, दोन चमचे पाणी द्या नं" असं काकूच काय, लिफ्टमधली अनोळखी बाई पण सांगेल. नका देऊ. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला ४५ डिग्रीत पण वरचं पाणी लागत नाही, दूध जास्त वेळा पाजावं लागतं फक्त. काढून ठेवलेलं दूध इथल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका, आइसपॅकच्या पिशवीतून न्या आणि थेट काकूच्या फ्रिजमध्ये, दारात नाही, आतल्या बाजूला, बाटलीवर नाव आणि वेळ लिहून. गरम पाण्याच्या वाटीत धरून कोमट करायचं, आणि बाळाने उष्टं केलेलं उरलं तर टाकून द्यायचं, जीवावर आलं तरी. घुटीतून मध चाटवणं पण एक वर्षापर्यंत बंद.

आता माझा मुख्य मुद्दा. आजारी पोराला दारातून परत पाठवणारी काकू शोधा. "काही नाही होत, सोडून जा, मी बघते" म्हणणारी फार प्रेमळ वाटते, पण ती तुमच्या पोराला घेते तशी दुसऱ्याचं तापलेलं पोरगं पण घेते, आणि मग महिन्यातून तीनदा तुमच्याच घरी सर्दी. आमची काकू कपाळाला हात लावून दारातच सांगायची, "ताप आहे नं याला, आज नाही ठेवत मी, घेऊन जा बरं." मीटिंग असो नाहीतर काही असो. तोंडावर बोलायची पद्धत आहे इथली, मनाला लावून घेऊ नका. पण तिला असं बोलता यावं म्हणून फीचं नीट ठरवा. ज्या घरात न आलेल्या दिवसाचे पैसे कापतात तिथं काकूला आजारी पोरगं परत पाठवणं परवडत नाही, आणि आपण पण पैसे वाचतील तेव्हाच सुट्टी घेतो. महिन्याची ठरलेली फी द्या, पोरगं आलं काय नाही आलं काय. आणि त्याच पाळणाघरातल्या एका घराशी दोस्ती करा म्हणजे अडीअडचणीला आईबापांपैकी कोणीतरी सुट्टी टाकून बरी असलेली दोन पोरं बघू शकतं.

पावसाळ्यात हात-पाय-तोंड म्हणतात तो आजार पाळणाघरात फिरतोच. तळहातावर, तळपायावर पुरळ, तोंडात फोड, पोरगं जेवत नाही आणि लाळ गळते. बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप बरं होतं, अँटिबायोटिक लागत नाही, पण पहिल्या आठवड्यात लाळेतून आणि शीतून भराभर पसरतं, त्यामुळे ताप जाऊन फोड सुकेपर्यंत घरीच. खेळणी तोंडात घालायच्या वयाची मुलं असतात, ती रोज धुतली जातात का ते बघा, आणि डायपर कुठे बदलतात ते पण, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ बदलत असतील तर दुसरं घर बघा, मी यात सूट देत नाही. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्धं पाकीट एका ग्लासात असला अंदाजपंचे कारभार नको, आणि बनवलेलं २४ तासांनी फेकायचं. मेडिकलमध्ये मिळणारं टेट्रापॅकमधलं गोड फ्रूट ड्रिंक म्हणजे ओआरएस नाही, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात.

औषधाच्या बाबतीत नियम एकच, काकूने स्वतःच्या मनाने काहीही द्यायचं नाही. खोकल्याचं औषध तर अजिबात नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं कफ सिरपमुळे किडनी फेल होऊन गेली, त्यातली बरीच इथं नागपूरच्याच हॉस्पिटलांमध्ये आणली होती, सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने परत बजावलं की दोन वर्षांखालच्यांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत आणि पाचच्या आत पण शक्यतो टाळायची. दुसरा घोळ पॅरासिटामॉलचा होतो. ड्रॉप्स आणि सिरप एकच समजून चमचा भरतात, पण ड्रॉप्स कितीतरी पट स्ट्राँग असतात. डॉक्टरने वजनावर काढून दिलेला डोस, एमएलमध्ये, बाटलीवरच पट्टी चिकटवून लिहा, आणि काकूने देण्याआधी फोन करायचा, कारण तुम्ही सकाळी घरी एक डोस दिलेला असू शकतो.

लसीकरणाचं कार्ड गावाकडून येताना विसरू नका. बदलीच्या गडबडीत एखादा डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिला तिथून पुढे देतात. सरकारी लसी मेडिकल (इथं सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला असंच म्हणतात), मेयो, डागा या सरकारी हॉस्पिटलांत आणि मनपाच्या आरोग्य केंद्रांत फुकट मिळतात. फ्लूची त्यात नसते, ती सहा महिन्यांनंतर दरवर्षी खाजगीत घ्यावी लागते, पाळणाघरात जाणाऱ्या पोरासाठी मी तरी घ्या म्हणेन. प्रवेशाच्या वेळी काकूने कार्ड मागितलं तर समजा बाई कामाची आहे.

खाण्यात एकच भीती, घशात अडकण्याची. इथं संत्र्याच्या दिवसांत घरोघरी टोपली भरलेली असते, कुणीही प्रेमाने फोड पोराच्या हातात देतं. साल काढून, बी काढून, बारीक करूनच द्यायची. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं पाच वर्षांपर्यंत नाहीत. तरी अडकलंच तर तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, खोलवर ढकललं जातं. वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं घालून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब, हे तुम्ही आणि काकू दोघींनी डॉक्टरकडून करून बघून शिका, वाचून जमत नाही.

बाथरूममध्ये भरलेली बादली राहते का ते बघा, रांगणारं मूल त्यात डोक्यावर पडलं तर स्वतःहून बाहेर निघत नाही आणि आवाजही येत नाही. बाथरूमला बाहेरून वरची कडी हवी. लेआउटमधल्या स्वतंत्र घरांत अंगणात जमिनीतलं टाकं असतं, झाकणाला कुलूप आहे का विचारा. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, इथं थंडी पण चांगलीच पडते आणि लोक पेटवतात, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वासच नसतो, कळायच्या आत माणूस झोपेत जातो.

आणि संक्रांत. डिसेंबरपासून इथं पतंगांचा धुमाकूळ असतो, बंदी असूनही नायलॉन मांजा मिळतोच आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतात. अ‍ॅक्टिव्हावर पोराला पुढे उभं करून नेता ना, तर मांजा पहिला त्याच्या गळ्याला लागणार. मागे बसवा, पट्ट्याने बांधून. तसाही नियम आहे, ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट, हार्नेस आणि गाडी ४० च्या आत. त्या दिवसांत आम्ही तर सरळ मेट्रो नाहीतर ऑटोच धरायचो.

ऑफिसात ५० किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय कंपनीनेच द्यायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायचं असा २०१७ पासूनचा नियम आहे, एचआर स्वतःहून सांगत नाही, विचारा.

शेवटचं, काकूच्या फ्रिजवर एक कागद लावा, तुमचे दोघांचे नंबर, डॉक्टरचा, १०८, पोराचं वजन, कशाची अ‍ॅलर्जी, आणि पोराला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं फोटोसकट. त्या यादीत नसलेल्या माणसाला पोरगं द्यायचं नाही, पोरगं ओळखत असलं तरी. माझे सासरे एकदा साताऱ्याहून न सांगता आले आणि परस्पर नातवाला आणायला गेले, काकूने माझा फोन लागेपर्यंत त्यांना दाराबाहेर खुर्ची टाकून बसवलं. आतून नातू आजोबा आजोबा ओरडतोय आणि ती कडी काढेना. सासरे चिडले होते, मी घरी आल्यावर पहिलं तेच ऐकलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो कागदावर चिकटवला आणि पुढच्या महिन्यापासून काकूची फी वाढवून दिली.