आरोप झाल्यावर प्रवक्ता काय बोलतो आणि आपण काय विचारायचं

राजकीय बातम्यांच्या बीटवर नव्याने येणाऱ्या पत्रकारांना मी आधी एकच काम देतो. आरोपावर प्रवक्ता जे बोलला ते शब्दशः उतरवा आणि मूळ आरोपातली नेमकी कोणती गोष्ट त्याने नाकारली, ती अधोरेखित करा. बहुतेकदा अधोरेखित करायला काहीच सापडत नाही. ‘आरोप बिनबुडाचे’, ‘सूडबुद्धीचं राजकारण’, ‘कुठल्याही चौकशीला तयार’ यांत सही कोणाची, रक्कम किती, निविदा कधी निघाली याचा पत्ताच नसतो.

महाराष्ट्रातल्या सिंचन प्रकल्पांत गैरव्यवहार झाल्याच्या आरोपांचं प्रकरण मुळातून वाचा. २०११-१२च्या आर्थिक पाहणीत राज्याचं सिंचित क्षेत्र दशकभरात जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचं सरकारनेच छापलं होतं. खर्च ७० हजार कोटींचा सांगितला जात होता. सप्टेंबर २०१२मध्ये, आधी जलसंपदा खातं सांभाळलेल्या अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं, नोव्हेंबरअखेर सिंचनाची सरकारी श्वेतपत्रिका आली, डिसेंबरमध्ये ते परतले. या सगळ्या गदारोळात एक बाजू प्रत्यक्ष भिजलेल्या क्षेत्राबद्दल बोलत होती, दुसरी निर्माण झालेल्या सिंचनक्षमतेबद्दल. धरण बांधून झालं की क्षमता कागदावर चढते. कालवे आणि चाऱ्या अर्धवट असतील तर शिवारात पाणी पोचत नाही. म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. आकडा खोडून न काढता त्याच्या शेजारी दुसराच आकडा ठेवणं, हे प्रवक्त्यांचं सगळ्यात प्रभावी उत्तर असतं. तिथे लगेच विचारायचं, ‘साहेब, ही क्षमता झाली. भिजलं किती?’

‘क्लीन चिट’चंही तसंच. नोव्हेंबर २०१९मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने (एसीबी) सिंचनाच्या ९ चौकशा बंद केल्या आणि क्लीन चिटचा गलका झाला. त्या फायलींचा पवारांशी संबंध नाही, हे एसीबीनेच सांगितलं. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे पवारांना दोषी न धरणारं एसीबीचं प्रतिज्ञापत्र आलं, ती वेगळी गोष्ट. चिट कोणी दिली, कोणत्या फाइलीत, कागद कुठे आहे, हे विचारल्याशिवाय तो शब्द बातमीत घेऊ नका.

‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हटलं की कोर्ट कोणतं आणि पुढची तारीख कधी, ते विचारा. ‘अब्रुनुकसानीचा दावा ठोकणार’ म्हटलं तर नोटीस कधी निघाली ते विचारा, आणि आठवड्याने पुन्हा विचारा.

प्रवक्ता हा आपला शत्रू नव्हे. सकाळी पक्षाकडून ‘लाइन’ येते, फाइल त्याने अनेकदा पाहिलेलीही नसते. विधान भवनाबाहेर एका प्रवक्त्याला मी बाइट (कॅमेऱ्यापुढची प्रतिक्रिया) संपल्यावर आरोपातल्या वाटपाच्या आदेशाची प्रत दाखवून तारीख विचारली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि संध्याकाळी फोन केला: ‘तारीख बरोबर आहे, पण खालची सही मंत्र्यांची नाही, सचिवांची आहे.’ दिवसभराच्या सगळ्या बाइट्समध्ये खंडन म्हणावं असं तेवढंच होतं, आणि त्याने बातमीचा मथळा बदलला.

म्हणून प्रश्न लेखी पाठवा, उत्तराला पुरेसा वेळ द्या आणि आलेलं उत्तर न कापता छापा. आरोप पहिल्या पानावर लावला असेल तर माणूस निर्दोष सुटल्याची बातमीही त्याच पानावर जावी म्हणून डेस्कशी भांडा.