डोळ्यांनी बघितलं म्हणून खरं धरायचं का? मी कसं ठरवते ते सांगते

गेल्या संक्रांतीला आईसाठी काळी साडी घेतली, दुकानात पिवळ्या लाइटखाली अगदी काळीभोर दिसत होती आणि घरी येऊन अंगणात उलगडली तर गडद निळी! तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय.

पहिली गोष्ट, सुरुवात विश्वासानेच करा. "आधी डोळे बरोबर आहेत हे सिद्ध करा" म्हणाल तर ते तपासणार कशाने, परत डोळ्यांनीच ना? मीमांसा या जुन्या भारतीय दर्शनातले विचारवंत कुमारिल भट्ट यांचं म्हणणं मला इथे फार पटतं, की झालेलं ज्ञान मुळात प्रमाणच, म्हणजे खरंच धरायचं, फक्त दोन गोष्टींनी ते मोडतं, एक म्हणजे ज्यातून ते आलं त्यातच दोष सापडला (पिवळा लाइट, धुकं, जुन्या नंबरचा चष्मा), किंवा नंतर त्याला खोडणारं दुसरं ज्ञान झालं, जसं मला अंगणात झालं. त्यामुळे शंका घ्यायची तर नेमकी घ्या, "कधीतरी चूक होऊ शकते" एवढ्यावर समोरचं दिसणं सोडून देऊ नका.

दुसरं, नक्की काय दिसतंय ते ठरलंय का बघा. न्याय या दुसऱ्या दर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रात (१.१.४), प्रत्यक्षाच्या, म्हणजे इंद्रियांनी थेट झालेल्या ज्ञानाच्या व्याख्येत 'व्यवसायात्मक' असा शब्द आहे, म्हणजे निश्चय झालेलं. या ग्रंथावर भाष्य लिहिणारे वात्स्यायन त्यावर उदाहरण देतात, लांबून काहीतरी दिसतंय पण तो धूर आहे की धूळ ते कळत नाही. अशा वेळी मत बनवायची घाई कशाला, चार पावलं पुढे जाऊन बघा.

आणि सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, दिसलेलं आणि आपण जोडलेलं वेगळं करा. सकाळी रस्ता ओला दिसला हे प्रत्यक्ष, "रात्री पाऊस पडला" हे अनुमान, टँकर पण गळलेला असू शकतो ना. साडीची चमक मी बघितली, "प्युअर सिल्क आहे" हे दुकानदाराने सांगितलं, आणि मी मात्र घरी सांगत होते की मी स्वतः बघून घेतलंय!

कधी कधी चूक कळली तरी दिसणं बदलत नाही. म्युलर-लायरच्या (१८८९) दृष्टिभ्रमाच्या चित्रातल्या, टोकांना उलटसुलट बाण काढलेल्या दोन रेघा पट्टीने मोजून सारख्या निघाल्या तरी एक लांबच दिसते. तिथे पट्टीचं ऐका.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, मात्र कुमारिलांसारखं आधीच मान्य करत नाहीत, लांबून पाणी दिसलं तर जा, प्या, तहान भागली की ते ज्ञान खरं ठरलं. रोजच्या कामात मी कुमारिलांचं ऐकते, नाहीतर घराबाहेरच पडता येणार नाही. पैसे मोजायचे असतील तर नैयायिकांचं, साडी आधी दुकानाच्या दारात उन्हात नेते.