बस थांबली की खरं काम सुरू

आधी ट्रक चालवायचो, त्यामुळे शाळेची बस म्हणजे हलकं काम वाटलं होतं. आठवड्यात तो भ्रम उतरला. ही गाडी चालवणं सोपं आहे. थांब्यावरून पुन्हा हलवताना जीव मुठीत असतो.

नव्याने येणाऱ्याने आधी बसच्या तोंडासमोरची जागा ओळखावी. चार-पाच वर्षांचं पोर बंपरला लागून उभं असेल तर सीटवरून दिसत नाही. म्हणून मी डोकी मोजतो. चार उतरली, तर चारही कडेला दिसली पाहिजेत. तीनच दिसली की हँडब्रेक ओढून खाली. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. एकदा असाच उतरलो, तर एक मुलगी पुढच्या चाकाला टेकून बुटाची नाडी बांधत होती. वर बघून म्हणाली, "काका, एकच राहिलीय."

वळताना मागची चाकं आतून कापत जातात, आणि चाकांमागचा लांब भाग उलट्या बाजूला बाहेर येतो. थांब्यावर चिकटून उभी असलेली मुलं त्यातच सापडतात. ती मागे सरकेपर्यंत स्टिअरिंग फिरवायचं नाही.

गोंगाटाची सवय होते. अचानक सगळं शांत झालं की समजायचं, मागे काहीतरी शिजतंय. पण आरशात बघत ओरडू नका. ताशी 40 किलोमीटरच्या वेगात बस एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते, आणि भांडण सोडवायला एक सेकंद कुठे पुरतो! मदतनीस ताई असतील तर त्यांच्यावर सोपवा, नसतील तर गाडी कडेला घ्या. सगळ्यांची नावं मात्र पाठ करा. "ए, मागे कोण आहे रे" ला कुणी भीक घालत नाही. नावाने हाक मारली की दंगेखोरही बसतो.

घ्यायला आलेला माणूस यादीत नसेल, तर मूल "हे माझे मामा" म्हणालं तरी आधी घरी फोन. मामा चिडतात. चिडू देत.

फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, वाकून बघत. आरशावर भागत नाही, झोपलेलं मूल सीटच्या पाठीआड जातं. मला डबे सापडले, एकुलता एक बूट सापडला, कागदात गुंडाळलेला दुधाचा दातही. आणि एका दुपारी दप्तरावर डोकं ठेवून झोपलेला पहिलीतला मुलगा. हलवून उठवला, तर डोळे चोळत म्हणाला, "काका, माझं घर गेलं?"